लेकराला सायकलवर बसवण्याआधी

कोल्हापुरात लेकरू सायकलवरून न्यायची रीत जुनीच आहे. पुढं दांड्याला टॉवेल गुंडाळायचा, त्यावर एकाला बसवायचं. मागं कॅरिअरवर दुसरं, आणि त्याला सांगायचं, "घट्ट धर, पाय लांब ठेव." मधल्या काळात ही जागा स्कूटरनं घेतली. आता पुन्हा सायकल घेणारे तरुण आईबाप दिसायला लागलेत. कुणाला सकाळी रंकाळ्याला फेरी मारताना पोरगी बरोबर हवी असते, कुणाची बालवाडी दोन गल्ल्या सोडून असते. मग शोधाशोध सुरू होते आणि पुढचं सीट, मागचं सीट, ट्रेलर, लांबलचक मालवाहू सायकल असं बरंच काही समोर येतं. यातलं चांगलं कुठलं, असं सगळेच विचारतात.

माझं म्हणणं असं, की त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा. ही सायकल आडवी झाली तर लेकराचं डोकं किती उंचीवरून आणि कशावर आपटेल? सायकलला चाकं दोनच. ती कधीतरी पडणार हे धरूनच चालावं. पडल्यावर लेकराचं काय होईल ते पाहून साधन निवडलं, की निम्मी निवड तिथंच होऊन जाते.

उभी सायकल जास्त फसवते

अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ट्रक, एसटी, भरधाव मोटार येते. ती भीती खोटी नाही. पण सीटवर बसलेल्या लेकरांना होणाऱ्या बऱ्याच दुखापती सायकल उभी असताना किंवा अगदी हळू चालत असताना होतात. चालती सायकल स्वतःला बरंचसं सावरून घेते. ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळतं आणि चाक पुन्हा भाराखाली येतं. वेग संपला की हे सावरणंही संपतं आणि सगळा तोल चालवणाऱ्याच्या दोन पायांवर येतो. मागं बारा-पंधरा किलोचं लेकरू, वर सीटचं वजन, आणि हे सगळं जमिनीपासून पाऊण मीटर उंचीवर. सायकल सरळ उभी आहे तोवर हा भार जाणवतही नाही. ती थोडीशी कलू द्या, एका हातानं आवरत नाही.

आता उंचीचा हिशेब बघा. मागच्या सीटवर बसलेल्या लेकराचं डोकं जमिनीपासून मीटरभराच्या वरच असतं. एक मीटरवरून खाली पडणारी कुठलीही वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे दारात उभी असलेली सायकल कलंडली, एवढंच झालं तरी डोक्याला बसणारा दणका चालत्या सायकलवरून भिंतीवर आदळल्यासारखाच. त्यात लहान मुलांची ठेवण वेगळी. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा. जड बाजू वरची, मान कच्ची, आणि हात पुढं टाकून सावरायची समज अजून आलेली नसते.

म्हणून माझ्या लेखी पहिला नियम हा: लेकरू सीटवर असताना सायकलवरचा हात काढायचा नाही. स्टँडवर लावली आहे, दोनच मिनिटांचं काम आहे, असं म्हणूनसुद्धा नाही. लक्ष्मीपुरीत भाजीला थांबलात तर आधी लेकरू खाली, मग कोथिंबिरीची पेंढी. सायकलचा एकपायी स्टँड रिकाम्या सायकलसाठी असतो. लेकरू मागं वळलं, कुत्रं बघायला वाकलं, की सायकल त्या पायाभोवती फिरते आणि जाते. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना मागच्या चाकाला असतो तो दोन पायांचा, चाक उचलून धरणारा स्टँड त्या मानानं पुष्कळ भक्कम. मागं सीट बसवणार असाल तर नव्या सायकलला तसा रुंद दोनपायी स्टँड लावून घ्या. तरीही तो लेकराला चढवता-उतरवताना मदतीला, राखणीला नव्हे.

चढण्याउतरण्याची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. दांड्याच्या सायकलवर आपण कसे बसतो? डावा पाय पायडलवर, दोन ढांगा टाकायच्या, आणि उजवा पाय मागून फिरवून सीटवर. मागं लेकराची खुर्ची असली की तो पाय फिरणार कुठून? लेकराच्या तोंडावरून. मग माणूस सायकल तिरकी करतो, पाय दांड्यावरून पुढून घालायला बघतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तोल जातो. यावर उपाय सोपा आहे. खालच्या दांड्याची सायकल घ्या, जिला दुकानात लेडीज सायकल म्हणतात. पुरुषांनीही. पाय पुढून सहज जातो आणि उतरताना दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. आपलं बसायचं सीट इंचभर खाली घेतलंत तर आणखी बरं. चालवताना गुडघे थोडे वाकतील, तेवढं सोसावं.

वय आणि मान

किती महिन्यांच्या बाळाला न्यावं? महिन्यांपेक्षा मान बघा. बाळ आधाराशिवाय नीट बसतं का, आणि डोक्यावर हेल्मेट असताना, खड्ड्याचा धक्का बसला तरी मान सरळ ठेवतं का? बहुतेक बाळांना हे वर्षाच्या सुमारास जमतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर नेऊच नका असं सांगते. युरोपात सायकलच्या बालसीटसाठी जे मानक आहे त्यात वजन नऊ किलोपासून पुढं धरलंय: पुढच्या सीटला ९ ते १५ किलो, मागच्या मोठ्या सीटला ९ ते २२ किलो. आपल्याकडं वर्षाचं बाळ साधारण नऊच्या आगेमागेच असतं. माझा सल्ला, वर्ष पूर्ण होऊ द्या, आणि शंका असेल तर लसीकरणाला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा.

बाळाला पाठीला किंवा पोटाला ओढणीनं, कॅरिअर बॅगेनं बांधून सायकल चालवणं मला अजिबात पटत नाही. बाळ अंगाशी असलं की सुरक्षित वाटतं, पण आपण पडलो की बाळ आपल्या अंगाखाली येतं, नाहीतर आपल्याच उंचीवरून पडतं. वर आपला तोलही बदललेला असतो.

मोकळं कॅरिअर नकोच

यावर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडं सर्वांत जास्त चालतं ते हेच. साध्या कॅरिअरवर लेकरू, पाय दोन्हीकडं लोंबते. चाकाच्या तारा आणि लेकराची टाच यांच्यात काहीच नसतं. लेकरू पेंगतं, किंवा नुसतं पाय हलवतं, आणि पाऊल तारांत जातं. चाक फिरतच असतं, त्यामुळं पाऊल आत ओढलं जातं आणि तारा व सायकलची नळी यांच्यात चेपतं. टाचेवरची कातडी सोलून निघते, घोट्याचं हाड मोडू शकतं, टाचेमागच्या शिरेला इजा होते. अशी जखम पहिल्या दिवशी साधी खरचटल्यासारखी दिसते. आत मांस चेपलेलं असतं, ते दोन-चार दिवसांनी काळं पडायला लागतं. म्हणून पाऊल तारांत गेलं असेल तर हळद लावून घरी बसवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढा.

मोटारसायकलला मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी कायद्यानं लागते, तीच आपली साडी गार्ड. सायकलला असा नियम नाही, पण धोका तोच. मागं सीट असो वा नसो, लेकरू बसणार असेल तर चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी आणि पूर्ण चेन कव्हर लावून घ्या. कुठलाही सायकलवाला बसवून देतो. आईची ओढणी, पदर, लेकराचा स्वेटर, सगळ्याचा बंदोबस्त एकदमच होतो. आणि लेकराच्या पायात मागून बंद बूट घाला. चप्पल निसटली की लेकरू ती धरायला पाय खाली नेतं.

पुढं की मागं

पुढच्या सीटची गोडी मला कळते. लेकरू आपल्या दोन हातांच्या मध्ये, बोलत-बोलत जाता येतं, झोप लागली की लगेच कळतं. भार दोन्ही चाकांच्या मध्ये येतो म्हणून सायकलही कमी हेलकावते. पण हे सीट लवकर अपुरं पडतं. लेकरू तीन वर्षांच्या आसपास झालं की त्याचं डोकं आपल्या हनुवटीला लागतं, आपले गुडघे त्याच्या सीटला लागतात आणि हँडल वळवायला जागा उरत नाही. समोरून धडक बसली तर पुढं लेकरूच असतं. आपल्याकडं दांड्यावर बसवायचं जे छोटं गादीचं सीट मिळतं त्याला ना पाठ, ना पट्टा, ना पाय ठेवायला धड जागा. ते सीट म्हणून धरू नका. पाठ, खांद्यांवरून येणारे पट्टे आणि पायांना आडोसा असलेलं असेल तरच पुढचं सीट घ्या.

मागचं सीट जास्त वर्षं चालतं. माझं मत विचाराल तर कोल्हापूरसारख्या शहरात, एका लेकरासाठी, चांगलं मागचं सीट हाच बहुतेकांना जमणारा मार्ग आहे. चांगलं म्हणजे काय, ते दुकानात हात लावून बघा. पाठ लेकराच्या डोक्यापर्यंत उंच हवी, आणि डोक्यामागं खोलगट जागा हवी, नाहीतर हेल्मेट पाठीला लागून मान पुढं ढकलली जाते. सीटच्या बाजू दोन्हीकडून पुढं आलेल्या हव्यात, म्हणजे सायकल आडवी झाली तर जमिनीला आधी सीट लागेल. हा भाग दिसायला साधा, पण पडताना तोच कामाला येतो. पट्टे दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारे, पाच टोकांचे हवेत. नुसता कमरेचा पट्टा असेल तर लेकरू त्यातून पुढं वाकतं किंवा खालून सरकतं. पट्ट्याचं बक्कल लेकराला स्वतः उघडता येऊ नये. पावलांना खोबण आणि पट्टा हवा, आणि पायापासून चाकापर्यंत सलग आडोसा.

सीट फार मागं गेलं तर पुढचं चाक हलकं पडतं आणि चढाला हँडल भरकटतं. लेकराचा भार मागच्या चाकाच्या आसाच्या जवळपास हवा, आसाच्या मागं दहा सेंटिमीटरहून जास्त जाऊ नये. बऱ्याच सीटांवर यासाठी खूण असते, ती बघून बसवा. सीट कॅरिअरवर बसणारं असेल तर कॅरिअर किती किलोचं आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. २५ किलोचं असेल आणि लेकरू अठराचं, तर सीट धरून हिशेब काठावर येतो. पत्र्याच्या पातळ कॅरिअरवर सीट बसवून घेऊ नका, दुकानदार "बसतंय की" म्हणाला तरी.

आणि एक गोष्ट, जी मी कुणाच्या सायकलवर मागचं सीट दिसलं की आधी बघतो. आपल्या सीटखालच्या स्प्रिंगा. आपण बसलो की त्या दबतात, खड्ड्यात आणखी दबतात, आणि मागच्या लेकराची बोटं नेमकी तिथंच पोचतात. त्या स्प्रिंगांना जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घ्या, किंवा स्प्रिंग नसलेलं सीट लावा.

ट्रेलर आणि लांब सायकली

पडण्याच्या हिशेबानं ट्रेलर सर्वांत सरस. मागं जोडलेली दोन चाकांची बंद गाडी, लेकरू जमिनीपासून वीतभर वर, आत पट्ट्यांनी बांधलेलं. जोड फिरता असतो, त्यामुळं सायकल आडवी झाली तरी ट्रेलर सहसा उभाच राहतो. दोन लेकरं मावतात. मोकळ्या, रुंद, गुळगुळीत रस्त्यावर याला तोड नाही. पण आपला रस्ता तसा आहे का? ट्रेलर सायकलपेक्षा बराच रुंद, त्यामुळं मी खड्डा चुकवला तरी त्याचं एक चाक त्यात जातं. वळणावर वेग असला तर तो एका बाजूनं उचलतो. उंचीनं इतका कमी, की केएमटी बसच्या ड्रायव्हरला शेजारी काय आहे ते दिसतच नाही. आणि लेकराचं नाक सायलेन्सरांच्या पातळीवर. उंच काठीवर झेंडा लावला तरी महाद्वार रोडला किंवा बिंदू चौकात मी ट्रेलर नेणार नाही. रुईकर कॉलनीसारख्या आतल्या रस्त्यांवर, सकाळी लवकर, आनंदानं नेईन.

नेदरलँड्समध्ये पुढं लाकडी पेटी असलेली, दोन-तीन लेकरं बसवून नेणारी लांब सायकल सर्रास दिसते. लेकरं खाली, नजरेसमोर, भार दोन्ही चाकांच्या मध्ये. साधन उत्तम, पण महाग आणि आपल्याकडं सहज न मिळणारं. कारखान्यांच्या उद्यमनगरात तशी करून घ्यावी असा विचार कोल्हापूरकराच्या मनात येणारच, कारण तिथं काय बनत नाही? करणाऱ्याच्या हातावर माझा विश्वास आहे. पण रोजच्या धक्क्यांनी वेल्डिंगच्या कडेला बारीक चीर पडते आणि ती रंगाखाली दिसत नाही. आधी माल वाहून बघा, पुष्कळ दिवस. जोड न् जोड तपासून मगच लेकरू बसवायचा विचार करा.

ब्रेक, पाऊस आणि उसाचे ट्रॅक्टर

सीट कितीही चांगलं असलं तरी सायकल थांबली पाहिजे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. लेकराचं वजन त्यात भर घालतं. विद्यापीठाच्या बाजूनं शहरात उतरताना हे लगेच जाणवतं. उतार सुरू व्हायच्या आधीच दोन्ही ब्रेक हलके धरून वेग आवरा.

चमकदार स्टीलच्या रिमा आणि रबरी ब्रेक असलेल्या जुन्या पद्धतीच्या सायकली पावसात फारच कमी थांबतात. ओल्या स्टीलवर रबर घसरतं. अ‍ॅल्युमिनियमची रिम त्यापेक्षा बरी, डिस्क ब्रेक आणखी बरा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा असा फारसा नसतोच, आणि साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की गटाराचं झाकण, ते कळत नाही. स्टील रिमची सायकल असेल तर पावसाळ्यात लेकराला रिक्षानं न्या. टायरात हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, टायरवर लिहिलेल्या मर्यादेत.

साखर कारखाने सुरू झाले की फुलेवाडी, कसबा बावडा, शिरोली या बाजूंना दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सुरू होतात. पुढची ट्रॉली वळली म्हणून मागची त्याच रेषेत वळते असं नाही, ती आत कापते. लेकरू मागं असताना ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला शिरू नका. खाली उतरून कडेला थांबा, जाऊ द्या. अंधारात तर त्या रस्त्यांवर लेकराला नेऊच नये. मी स्वतः लेकरासाठी लांबचा पण आतला रस्ता धरतो, शाहूपुरीच्या गल्ल्यांतून वळसा पडला तरी चालतो.

हेल्मेट

२०२२ साली केंद्राच्या मोटार वाहन नियमांत भर पडली: मोटारसायकलवर नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा नियम सायकलला लागू नाही. पण डोकं तेच आणि रस्ताही तोच.

लेकराला सायकलचं हलकं हेल्मेट घ्या. मोटारसायकलचं जड हेल्मेट कोवळ्या मानेवर ओझं होतं. मापाचं घ्या, "वाढतं अंग आहे" म्हणून मोठं नको. भुवयांच्या वर दोन बोटं जागा राहील इतकं पुढं हवं, कपाळ उघडं टाकून मागं सरकलेलं नको. कानाखाली पट्ट्यांचा व्ही आकार व्हावा, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच सैल. आतला फेस एका दणक्यात चेपतो, तेच त्याचं काम. दणका बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा वापरू नका. बागेत खेळायला सोडताना हेल्मेट काढून ठेवा. घसरगुंडीच्या फटीत हेल्मेट अडकलं तर हनुवटीचा पट्टा गळ्याला बसतो. आणि आपणही घाला. लेकरू रडून फेकून देतं ते बहुतेक वेळा आपल्या डोक्यावर नसतं म्हणूनच.

सगळं बसवून झालं की पहिले काही दिवस सीटवर लेकराऐवजी तांदळाची दहा किलोची पिशवी बांधा आणि नेहमीच्या रस्त्यानं जाऊन या. गतिरोधकावर काय होतं, चौकात पाय टेकताना सायकल कुठं झुकते, वळताना मागून कशी ओढते, सगळं कळतं. नट-बोल्ट पहिल्या आठवड्यात सैल होतात, तेव्हा पाना घेऊन एकदा पुन्हा आवळा, नंतर महिन्यातून एकदा.

लेकराचं वजन सीटवर लिहिलेल्या मर्यादेला आलं, किंवा डोकं पाठीच्या वर निघालं, की ते सीट संपलं. पट्टे सैल करून आणखी एक वर्ष काढू नका. तोवर पोरगं बहुधा पाच-सहा वर्षांचं झालेलं असतं. त्याला छोटी सायकल घेऊन कॉलनीच्या मैदानात शिकवायला घ्या, आणि शाळेला ते पक्कं तयार होईपर्यंत चालत किंवा रिक्षानं न्या.